पुणे सोडून कोल्हापूरला कायमचं राहायला यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाकडला भाड्याच्या घरात राहता, काम संगणकावरचं आहे आणि कंपनी घरून करू देते. पत्नी एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीच्या विभागात आहेत. मुलगी चौथीत, आईवडील कोल्हापूर जिल्ह्यातच गारगोटीला. कोल्हापुरात घर घ्यायचं मनात आहे, पण मित्र म्हणतात, "तिथं आहे काय? अंबाबाई, तांबडा-पांढरा आणि पूर. दोन दिवस जाऊन यायला ठीक." आणि तुम्हाला धास्ती आहे की आपण, त्यातही मुलगी, मागे पडेल.

मी इथे आर्किटेक्ट म्हणून काम करतो. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्त्या, उपनगरातली घरं, थोडं कारखान्यांचं काम. बाहेरून येऊन इथे रुजलेल्या लोकांची घरं बांधली आहेत आणि दोन-तीन वर्षांत परत गेलेले लोकही जवळून पाहिले आहेत. त्यावरून माझं मत सरळ आहे: तुम्ही यावं. मात्र स्वस्त पडेल म्हणून येऊ नये. चांगल्या भागातल्या जागा आता स्वस्त राहिलेल्या नाहीत, आणि निव्वळ पैसे वाचवायला आलेलेच लोक इथे सगळ्यात लवकर कंटाळतात.

कोल्हापूर कशामुळे राहण्याजोगं आहे, याचं मूळ त्याच्या इतिहासात आहे. १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत हे गाव एका संस्थानाची राजधानी होतं. राजधानीला जे जे लागतं ते इथे आधीच उभं राहिलं होतं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. राजाराम कॉलेज १८८० चं. रेल्वे १८९१ ला आली. शाहूपुरीची व्यापारपेठ १८९५ ची. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, म्हणून खेड्यापाड्यांतून शिकायला येणाऱ्यांचं हे गाव झालं. १९१२ ला खासबाग मैदान, त्याला लागूनच १९१५ ला पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. उस्ताद अल्लादिया खाँ इथे दरबारगायक होते. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथेच निघाली आणि मगच पुण्याला गेली. पुढे १९६२ ला शिवाजी विद्यापीठ झालं.

हे सांगतोय ते अभिमान मिरवायला नाही. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या गावाला एवढ्या संस्था सहसा मिळत नाहीत. मोठ्या शहराच्या पोटात वाढलेल्या उपनगराला तर नाहीच मिळत. तिथे घर आधी येतं, मग मॉल, मग शाळा, आणि नाट्यगृहाची वाट बघण्यात एक पिढी जाते. इथे संस्था आधी झाल्या आणि वस्ती त्यांच्याभोवती वाढली. भवानी मंडपातून निघालात तर देऊळ, बाजार, कुस्तीचं मैदान, नाट्यगृह हे सगळं पायी फिरून होतं, आणि त्याच पायांनी संध्याकाळी रंकाळ्यावर जाता येतं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभी असलेली माणसं नुसती बघ्यांची गर्दी नव्हती. बॅकस्टेजचे कामगार, हौशी नट, शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदाच त्या रंगमंचावर उभी राहिलेली माणसं होती, आणि कित्येक जण उघडपणे रडत होते. इमारती पाहणं हा माझा धंदा आहे, पण एका इमारतीसाठी गाव असं रडताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मुलगी कुठल्या गावात वाढावी असं मला कोणी विचारलं तर मला ती रात्र आठवते.

आता मागे पडण्याबद्दल. शिकवणीचे वर्ग, स्पर्धा परीक्षा, इंग्रजी शाळा यांत कोल्हापूर पुण्याच्या मागे आहे, पण दहावी-बारावीपर्यंत तुम्हाला अडेल इतकं नाही. उलट खेळाकडे बघा. नेमबाजीत तेजस्विनी सावंत २०१० ला जागतिक विजेती झाली, राही सरनोबतने २०१८ ला आशियाई सुवर्ण आणलं, वीरधवल खाडे इथलाच जलतरणपटू, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकणारा स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातला. एवढ्या छोट्या टापूतून हे कसं होतं? माझ्या मते कारण साधं आहे. मैदान, तालीम, तलाव घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर असतो आणि पोराला तिथे रोज जाता येतं. पुण्यात तुमच्या मुलीचा जो वेळ स्कूलबसमध्ये जातो, तोच वेळ इथे सरावाला मिळतो. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ उतरतात, पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, आणि आख्खं गाव त्यांची नावं घेऊन भांडतं. मुलीला एकदा घेऊन जा. तिचा संघ ती स्वतः निवडेल.

दुसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला दिसत नाही, ती म्हणजे उद्यमनगर. पाहुण्यांना आपण देऊळ, रंकाळा, ज्योतिबा, पन्हाळा दाखवतो. शिवाजी उद्यमनगर कोणी दाखवत नाही. उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं करता करता इथल्या मिस्त्रींनी ओतकामाचा धंदा वाढवला. तो आता शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले अशा औद्योगिक वसाहतींत पसरलाय, आणि देशभरातल्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवतो. पण जुन्या गल्ल्या अजून चालू आहेत. एका वाड्याच्या दुरुस्तीत सज्ज्याखालचे बिडाचे नक्षीदार ब्रॅकेट तुटलेले निघाले. मालक म्हणाले, काढून टाका, लोखंडी चॅनेल लावू. मी शाबूत असलेला एक ब्रॅकेट पिशवीत घालून उद्यमनगरात नेला. पॅटर्नवाल्या मिस्त्रींनी तो हातात फिरवला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, ह्याची पाकळी झिजलीया. हाय तसा पॅटर्न केला तर झीजच ओतून निघंल. मूळची खोली किती व्हती, ते बघाय पायजे." मग वाड्यात येऊन, जिथे रंगाचे थर कमी होते तिथला ब्रॅकेट शोधून त्यांनी माप घेतलं. सागवानी पॅटर्न त्यांच्याकडे, वाळूचा साचा आणि ओतकाम पलीकडच्या गल्लीत, घासून छिद्रं पाडायचं काम तिसऱ्याकडे. तिघांची दुकानं एकमेकांना हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. आज तो सज्जा पाहिलात तर जुने ब्रॅकेट कुठले आणि नवे कुठले, हे तुम्हाला ओळखता येणार नाही.

मला कोल्हापुराची ओढ वाटते ती याच्यासाठी. इथे काम जाणणारा माणूस सापडतो, तो स्वतः भेटतो, आणि काम बिघडलं तर त्याला चार लोकांत उत्तर द्यावं लागतं. डॉक्टर, गवंडी, शिक्षक, नगरसेवक, सगळ्यांना हे लागू आहे. शहरातल्या टोलविरोधात इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलन चालवलं आणि २०१५ च्या अखेरीस तो रद्द करायला लावला. ते जमलं याचं कारणही हेच, की आंदोलनातले लोक एकमेकांना नावानं ओळखत होते. तालमी, तरुण मंडळं, वकील, कम्युनिस्ट, व्यापारी एकाच चौकात येऊन बसू शकत होते.

याचा दुसरा भाग तुम्हाला जड जाऊ शकतो. घर बघायला गेलात की पहिला प्रश्न "गाव कुठलं?" आणि दुसरा "पाहुणे कोण?", म्हणजे नातेवाईक कोण. गारगोटी म्हटल्यावर तुमचा मार्ग सोपा होईल, कुणाचा तरी मामा निघेलच. ज्यांना असं सांगता येत नाही त्यांना, एकट्या राहणाऱ्या मुलींना, वेगळ्या धर्माच्या कुटुंबांना घर मिळवताना त्रास होतो, आणि शाहू महाराजांचं नाव सांगणाऱ्या गावात तो होऊ नये असं मला मनापासून वाटतं. शेजारी तुमच्याकडे कोण आलं-गेलं ते बघतील. त्याच शेजारणी एप्रिल-मे महिन्यात तुमच्या पत्नीला चटणी करायला सोबत नेतील, ब्याडगी मिरची किती आणि संकेश्वरी किती हे सांगतील, डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, नंबर लावून देतील आणि वर्षाची कांदा-लसूण चटणी बरणीत भरून होईपर्यंत घरी जाणार नाहीत. दोन्ही एकत्रच येतं.

आता पूर. यावर सविस्तर लिहितो, कारण घराचा निर्णय इथेच ठरतो.

पंचगंगेला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी येतं, आणि या सगळ्या सह्याद्रीच्या भर पावसातून उतरतात. शहरात पाऊस नसला तरी गगनबावडा, राधानगरीकडे कोसळत असला की नदी चढते. पावसाळ्यात इथला माणूस सकाळी उठून राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की सखल भागातली माणसं वरच्या मजल्यावर सामान चढवायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती तयार होत आल्या होत्या. डोक्यावरून, ट्रॉलीतून, मिळेल तशा हलवल्या, तरी कित्येक भिजल्या. त्या भागातल्या एका घराचं काम करताना भिंतीवर मला चिखलाच्या दोन रेघा मिळाल्या, एकीच्या वर दुसरी. घरातल्या आजींनी बोट ठेवून दाखवलं, "ही एकोणीसची, ही एकवीसची." त्यांनी ती भिंत मुद्दाम रंगवली नव्हती, नातवंडांना कळावं म्हणून. आम्ही त्या रेघांवरूनच विजेचे बोर्ड, फ्रिजची जागा आणि देवघर कुठे घ्यायचं ते ठरवलं.

तुम्ही जागा बघाल तेव्हा निळी रेषा आणि लाल रेषा विचारा. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर घेऊच नका, मालक कितीही गोड बोलला तरी. दोन्ही रेषांच्या मधल्या जागेत अटींवर परवानगी मिळते, पण तुम्हाला निवड आहे तर तीही नको. आणि कागदावर विसंबू नका. सुतारमळा, रमणमळा, दुधाळी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा सखल भाग, शुक्रवार पेठेची नदीकडची बाजू इथे जाऊन पानाच्या टपरीवर विचारा, पाणी कुठवर आलं होतं. बोट दाखवतील.

त्याहून महत्त्वाचं एक सांगतो, जे दलाल सांगत नाहीत. घर कोरडं राहिलं म्हणजे झालं असं नाही. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. बालिंगा, शिंगणापूर, बावडा इथली पाणी उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडे पाणी असताना उंचावरच्या वस्त्यांतही प्यायला टँकर लागले. म्हणून घर राजारामपुरीच्या वरच्या गल्ल्यांत, संभाजीनगरला, आर. के. नगरला किंवा पाचगावला असलं तरी जमिनीखालची मोठी टाकी आणि गच्चीवरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची सोय करून घ्या. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईन २०२३ च्या दिवाळीत सुरू झाली, हे खरं. दूधगंगेचं स्वच्छ पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत आलं, आणि त्यासाठी या गावानं फार वाट पाहिली होती. पण बिघाड होतात आणि मग दोन-तीन दिवस नळ कोरडे असतात. टाकी हवीच.

पाचगाव, उचगाव, कळंबा, मोरेवाडी हे भाग बघाल तर आणखी एक पेच कळेल. महापालिका १९७२ ला झाली, पण हद्द तेव्हापासून वाढली नाही. शहर कधीच हद्दीबाहेर गेलंय, कागद मात्र ग्रामपंचायतीचे. हद्दवाढ हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघांचंही म्हणणं मला समजतं. गावांना कर वाढण्याची आणि शेती जाण्याची भीती आहे, शहराला श्वास घ्यायला जागा नाही. २०१७ पासून शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आहे. तुम्हाला एवढंच बघायचंय की प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का, ले-आउट मंजूर आहे का, की चार जणांच्या सामाईक सातबाऱ्यावर गुंठ्यानं विकलेला तुकडा आहे. दुसरा प्रकार असेल तर भाव निम्मा असला तरी उठून या. फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

पत्नींच्या नोकरीबद्दल मला काळजी वाटते, आणि ती तुमच्या पत्रात फार थोडक्यात आली आहे. औषध कंपन्या इथे पुण्याइतक्या नाहीत. गुणवत्ता तपासणीचा अनुभव दूध संघ, साखर, अन्नप्रक्रिया, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा यांत चालतो, पण पगार कमी मिळेल आणि वरच्या जागा मोजक्या आहेत. परत गेलेल्या कुटुंबांत मी हेच पाहिलं: नवरा लॅपटॉप घेऊन आला, बायकोनं नोकरी सोडली, आणि वर्षभरानं घरात धुसफूस सुरू झाली. तेव्हा आधी त्यांच्या कामाचं बघा, त्यांना स्वतःला इथे येऊन दोन-चार ठिकाणी बोलू द्या, मग घराचं बघा.

बाकी त्रास आहेत तसे सांगतो. केएमटीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, भरवशावर राहता येत नाही, दुचाकी लागते. नवरात्रात आणि सलग सुट्ट्यांना महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नसते. गणपतीच्या मिरवणुकीत साऊंड सिस्टीमनं खिडक्या थरथरतात, आणि मुख्य मार्गाजवळ घर असेल तर ती रात्र आणि दुसरा दिवसही गेला म्हणून समजा. जयंती नाल्यातून सांडपाणी पंचगंगेत मिसळतं, हे या गावाचं सगळ्यात मोठं पाप आहे आणि त्यावर बोलत राहिलं पाहिजे. नोव्हेंबर २०२० नंतर कित्येक वर्षं महापालिका प्रशासकांच्या हातात होती, त्याच्या खुणा रस्त्यांवर दिसतात.

पुण्याला जाणं-येणं जमेल. अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे वेळेचा अंदाज चुकतो, म्हणून मी स्वतः रेल्वे पसंत करतो. सप्टेंबर २०२४ पासून वंदे भारतही आहे, पण रोज नाही. उजळाईवाडीच्या विमानतळावरून मुंबई, हैदराबाद, बंगळुरूची विमानं आहेत, वेळापत्रक मात्र बदलत राहतं, तेव्हा महत्त्वाची बैठक त्यावर लावू नका.

घाई करायची असेल तर एकाच कारणासाठी. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे बसायला लागलंय, सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणंही आता इथे चालतात. वकिलांसाठी कार्यालयं आणि राहायच्या जागा यांची विचारणा माझ्याकडेच वाढली आहे. मधल्या शहरातले भाडेदर वर जातील, उपनगरांत अजून थोडा वेळ आहे.

म्हणून असं करा. विकत काही घेऊ नका. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, त्याच्या आधी मे महिन्यात अकरा महिन्यांच्या कराराने राजारामपुरीत किंवा संभाजीनगरकडे घर घ्या. तिथून गारगोटीला जायची वाट सोपी आहे आणि मुलीला मैदान जवळ पडेल. पहिला पावसाळा भाड्याच्या घरात काढा. जुलै-ऑगस्टमध्ये नदी चढलेली असेल तेव्हा, पोलिसांनी सोडलं तेवढंच, गंगावेशीतून पुढे आणि कुंभार गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन पाणी स्वतः बघा. दिवाळीनंतर मला कळवा. तोवर दोन-तीन जागा तुमच्या डोळ्यांसमोर असतील. त्यांचे सातबारा, मिळकत पत्रिका, झोन दाखला आणि मंजूर नकाशाची प्रत घेऊन या. जागेवर एकत्र जाऊन बघू, पत्नींनाही आणा.